रिकाम्या झोळीचं वजन

१

दोन फायली जुळत नव्हत्या. सोमवारी जुळल्या नाहीत, मंगळवारी जुळल्या नाहीत, आणि बुधवारी डबा खायच्या आधी अंजुमनं त्या पुन्हा शेजारी शेजारी लावून बघितल्या, तेव्हाही संगणकानं तोच निगरगट्ट शब्द पडद्यावर आणला: फरक.

"अमर, तू पुन्हा हात लावला का त्या फायलीले?"

"नाई ताई. मायची आन."

"मायला कशाला मधात आणतो? लावला असंल तर सांग, मी काही खात नाई तुले."

"नाई लावला ना जी."

चंद्रपूरला जटपुरा गेटाच्या आत, फारूकमामूंच्या खिळेमोळ्यांच्या दुकानावर हे ऑफिस होतं. फारूक अंजुमचे सख्खे मामा, त्यामुळे भाडं वेळेवर नाही गेलं तरी वर चहा वेळेवर येई. मालक साठवणे सर नागपूरला राहत आणि कंपनी फोनवरून चालवत. सन दोन हजार तीनचा मे महिना, कूलर ओला आणि गरम असा दोन्ही एकदम वारा फेकणारा, आणि त्यात हे नसतं झेंगट.

काम गडचिरोलीकडच्या आरोग्य उपकेंद्रांचं होतं. तान्ह्या बाळांचा काटा. छताला हूक, हुकाला काट्याचा डबा, डब्याखाली लुगड्याची झोळी. बाळ झोळीत हातपाय झाडतं, त्यानं आकडा नाचतो. तो नाच निस्तरून खरं वजन सांगायचं हे अमरच्या प्रोग्रॅमचं काम, आणि त्या प्रोग्रॅमवर विश्वास न ठेवणं हे अंजुमचं. ती तपासणीची प्रमुख होती. तिच्या हाताखाली कोणी नव्हतं, पण प्रमुख होती.

अमर आपल्या टेबलावर प्रोग्रॅम तयार करी, ती एक प्रत. त्याच मजकुरावरून आतल्या खोलीतला सर्व्हर रोज दुपारी आपली दुसरी प्रत तयार करी आणि खऱ्या झोळीवर चालवून बघे. शिलाई मशीनची मोटर दोरी ओढायची, आणि दाराआड झोळी बराच वेळ झुलत राहायची. एकाच मजकुरातून निघालेल्या दोन प्रती तंतोतंत सारख्या असायला हव्यात, यात कुणाचं दुमत असायचं कारण नाही.

फरक फायलीच्या अगदी शेपटाशी होता. प्रोग्रॅमला अमरनंच एक खोड लावून ठेवली होती. सुरू झाला की तो रिकाम्या झोळीचं वजन घ्यायचा, त्याला शून्य मानायचा, आणि ते शून्य स्वतःच्याच फायलीच्या शेवटी लिहून ठेवायचा, कारण काट्याच्या डब्यात लिहायला दुसरी जागा नव्हती. अमरच्या प्रतीतलं शून्य पहिल्या दिवशीचं, झोळी नवी टांगली तेव्हाचं, पक्कं केलेलं. सर्व्हरच्या प्रतीतलं शून्य रोजचं. आणि रोज सर्व्हर म्हणत होता की रिकामी झोळी दोन किलोला थोडी कमी भरते.

झोळीला हात लावून बघावं असं तिच्या मनातही आलं नाही. संगणकवाल्यांची ही खोडच असते, आकडा चुकला की ते आकड्याकडेच डोळे फाडून बघत बसतात. कोरपन्याकडच्या सिमेंटच्या ट्रकांचा प्रोग्रॅमही त्याच सामाईक सर्व्हरवर तपासला जाई. त्यानंच काहीतरी शेण खाल्लं असणार, असं ठरवून अंजुम डब्यातली गार झालेली भेंडी खायला बसली.

२

शनिवारी साडेचारच्या सुमाराला भाग्यश्री लेकीला घेऊन आली. भाग्यश्री म्हणजे अमरची बायको, आणि लेक म्हणजे दिवस भरायच्या आधीच जन्मलेला, टॉवेलात गुंडाळलेला, मोठ्या डोळ्यांचा एक जीव.

अमर मार्कंड्याजवळच्या नदीकाठचा. घरचे सगळे जाळी टाकणारे, आणि हा त्यांच्यातला पहिलाच, जो पायांना चिखल न लावता पोट भरत होता. पोरीचं बारसं अजून झालं नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी बजावून ठेवलं होतं की महिनाअखेर तीन किलो भरली पाहिजे, नाही भरली तर भरती करा, एक दिवस थांबू नका. तेव्हा तीन किलो झाले की बारसं, असं अमरनं ठरवलं होतं. तोवर सगळे तिला नुसतं बाई म्हणत.

दवाखान्यातल्या रांगेपेक्षा ऑफिसचा काटा बरा म्हणून दर शनिवारी बाईचं वजन इथंच व्हायचं. अमरनं तिला झोळीत ठेवलं आणि आधी आपली प्रत चालवली.

"दोन किलो दोनशे," तो म्हणाला. "मागच्या बारीपेक्षा थोडीशी वाढली."

मग अंजुमनं, तिचं कामच ते म्हणून, सर्व्हरची प्रत चालवली. आकडा आला चारशे ग्रॅम.

"घ्या," अंजुम म्हणाली. "पावभर शेव आणि वरून थोडी बुंदी. एवढीच आहे म्हणे तुमची पोरगी."

भाग्यश्री तोंडाला पदर लावून हसली. अमर हसला नाही. त्याला सर्व्हरचा राग आला होता, कुणी पोरीला नावं ठेवल्यासारखा.

"पागल झाला थो सर्व्हर, ताई. माझीच फाईल खरी हाये."

"तुझीच धर बाप्पा," अंजुम म्हणाली. तिलाही कंटाळा आला होता.

३

सोमवारी दुपारी चाचणी सुरू असताना ती पहिल्यांदा आत गेली. एरवी कूलरची हवा जाऊ नये म्हणून ते दार बंद असे. दार ढकललं आणि तिचे पाय जागीच थांबले. झोळी संथपणे झुलत होती, आणि झोळीच्या पोटात काहीतरी गोल निजलेलं होतं. कुंची घातलेलं.

आपण घाबरलो हे तिनं पुढं कुणापाशी कबूल केलं नाही. जवळ जाऊन कापड बाजूला केलं तर आत वरवंटा. चांगला काळा, वापरून गुळगुळीत झालेला वरवंटा, त्याला लहान पोराची जुनी कुंची बांधलेली.

"कुंताबाई!"

कुंताबाई झाडलोट करायला येई. ती फडं घेऊनच दारात उभी राहिली आणि आत आली नाही.

"हा तुम्ही ठेवला?"

"हो जी. दुपारी ठेवतो, चार वाजता काढून नेतो."

"काऊन?"

"रिकामी झोळी हालवत नाई ना बाई. हे मशीन रोज हालवते. मले पाह्यवत नाई."

"पण काऊन हालवत नाई?"

कुंताबाईनं तिच्याकडे असं पाहिलं, की शिकलेल्या बाईनं हे विचारावं याचंच तिला नवल वाटत होतं. "नाई हालवत, बस. अमरभाऊचं लेकरू त्याच झोळीत निजते शनिवारी."

अंजुमला हे सगळं नवं नव्हतं. शेजारच्या घरांतल्या बारशाला पाळण्यात आधी वरवंटा निजवतात हे तिनं लहानपणापासून पाहिलं होतं, आणि तिची स्वतःची अम्मीही रिकामा झूला हलवला की हातावर चापट मारायची. पण इथं आठवडाभर तिचं डोकं पिकलं होतं. रात्रंदिवस ती त्या सर्व्हरला शिव्या देत होती, सिमेंटवाल्यांशी भांडली होती, साठवणे सरांचं बोलणं खाल्लं होतं, आणि हे सगळं एका वरवंट्यापायी. तिनं तो काट्यावर टाकला. एक किलो आठशे. फायलीच्या शेपटात बसलेला आकडा तोच होता.

"आता हा इथं येणार नाई," ती म्हणाली. "कळलं?"

"तुमची मर्जी."

झोळी मोकळी करून तिनं चाचणी पुन्हा लावली. मग दोन्ही फायली शेजारी ठेवल्या. पडद्यावर शब्द आला: जुळलं. त्या एका शब्दानं तिला इतकं बरं वाटलं की तिनं खाली मामूंकडे सगळ्यांसाठी भजी सांगितली. वरवंटा तिनं आपल्या टेबलावर कागद उडू नयेत म्हणून ठेवला, कुंचीसकट. अमर हसून हसून लाल झाला.

कुंताबाईनं मात्र भजी घेतली नाहीत. दुसऱ्या दिवशीपासून ती आतली खोली झाडेनाशी झाली. अंजुमनं दोनदा सांगून पाहिलं आणि मग नाद सोडला.

४

बुधवारी पुन्हा फरक.

अंजुमनं आधी टेबलाकडे पाहिलं. वरवंटा जागेवर होता. मग ती आत गेली आणि झोळीत हात घालून चाचपून आली. कापड रिकामं होतं, थोडं गारसर होतं. फरक या वेळी फारसा नव्हता, एका मोठ्या आंब्याएवढा. पण गुरुवारी तो दोन आंब्यांएवढा झाला.

"कूलर," ती अमरला म्हणाली. "कूलरच्या ओलीनं कापड जड होऊन राह्यलं."

हे कारण तिला मनापासून आवडलं. तिनं कूलरचं तोंड फिरवलं, झोळी उतरवली, घरून अम्मीचं जुनं सुती लुगडं आणून नवी झोळी बांधली. पिवळ्या फुलांचं, कोरडं खटखटीत. त्या दिवशी आकडा अगदी शून्यावर आला. दुसऱ्या दिवशी तो आधी होता तिथं परत गेला, आणि थोडा पुढंही. हूक तपासला, डबा बदलला, सर्व्हरवरचा सगळा जुना पसारा पुसून पहिल्यापासून प्रत तयार केली. सिमेंटच्या ट्रकांचा प्रोग्रॅम तिनं सरळ बंद करून टाकला, आणि त्यावरून कोरपन्याच्या माणसानं फोनवर तिची आईबहीण काढायची तेवढी बाकी ठेवली. फरक तसाच.

आवाजाकडे तिचं लक्ष उशिरा गेलं. ती भिंतीला पाठ लावून बसायची, त्यामुळे मोटर सुरू झाली की पलीकडची झोळी तिला नेहमीच ऐकू यायची. रिकाम्या झोळीचा आवाज म्हणजे कापडाची फडफड, दोरीची खडखड. वरवंटा होता त्या दिवसांत आवाज वेगळा असायचा हे तिला आत्ता आठवलं. हूक सावकाश कुरकुरायचा, भरलेल्या झोळीचा कुरकुरतो तसा. आणि आता वरवंटा तिच्या डोळ्यांसमोर टेबलावर असताना भिंतीपलीकडून तोच सावकाश आवाज येत होता.

तेवढ्यात वीज गेली. उन्हाळ्यात ती जायचीच. कूलर बंद पडला, पंखा गरगरत थांबला, मोटरही थांबली असणार. खालच्या दुकानात कुणीतरी खिळ्यांचं पोतं ओतलं. भिंतीपलीकडे हूक कुरकुरत राहिला. झोका लागलेली झोळी लगेच थोडीच थांबते, असं अंजुमनं स्वतःला समजावलं. थांबेल. ती ऐकत बसली. वीज येऊन पंखा पुन्हा फिरू लागला तेव्हा तिच्या लक्षात आलं की झोळी अजून थांबली नव्हती.

ती उठून बघायला गेली नाही. चिडचिड इतकी झाली होती की भीतीला जागाच उरली नव्हती, असं तिला वाटलं. खरं म्हणजे तिला जायचं नव्हतं.

५

शनिवारी अमरच्या प्रतीनं बाईचं वजन अडीच किलो दाखवलं.

अमरनं दोन्ही हातांनी डोकं धरलं आणि नुसता हसत राहिला. इतके दिवस पोरगी मुंगीच्या पावलानं वाढत होती, आणि आता एका आठवड्यात एवढी उडी. सर्व्हरच्या प्रतीनं दोन किलो दाखवलं, म्हणजे मागच्या शनिवारच्या दोन किलो दोनशेपेक्षाही कमी. पण त्या प्रतीनंच तर तिला चारशे ग्रॅमची केली होती. तिचं कोण ऐकणार?

"ताई, फेका ती फाईल," अमर म्हणाला.

भाग्यश्री बाईला टॉवेलात गुंडाळत होती. "मले तं हलकीच लागते जी," ती अंजुमला हळूच म्हणाली. "झबलंबी ढिल्लं होऊन राह्यलं. दूधबी ओढत नाई धड. पण हे म्हणतेत, मशीन खोटं बोलत नाई."

"नाही बोलत," अंजुम म्हणाली. दुसरं काय म्हणणार? मशीन खोटं बोलत नाही हे सिद्ध करायचाच तर ती पगार घेत होती.

संध्याकाळी साठवणे सरांचा फोन आला. "अंजुम, मला फरक सांगू नकोस, फाईल सांग. पुढच्या शनिवारी काटे गडचिरोलीला जायचे आहेत. कुठली पाठवायची?"

एक प्रत नीट वागत होती, दुसरी रोज नवं सोंग आणत होती. एका प्रतीनं अमरची पोरगी वाढत होती, दुसरीनं ती आटत होती.

"अमरची," ती म्हणाली.

तो पुढचा आठवडा तिनं फरक बघितलाच नाही. डब्यांवर नावं चिकटवली, तारा बांधल्या, दुपारी मोटर लागली की खाली मामूंच्या दुकानात जाऊन बसली. मामूंनी विचारलं, "काय गं, वर गरमी जास्त हाय काय?" ती हो म्हणाली.

६

महिन्याचा शेवटचा शनिवार. अमरनं सकाळीच पेढे आणून ठेवले होते, इतका त्याला भरवसा. बाईला झोळीत ठेवलं, आकडा थोडा नाचला आणि स्थिर झाला. तीन किलो. वर थोडे ग्रॅमही.

"झालं," अमर म्हणाला, आणि त्यानं पेढ्यांचा पुडा फोडला. "झालं ना बाप्पा. आता भरती नाई, काई नाई. पुढच्या रविवारी बारसं." त्यानं सर्व्हरची प्रत चालवू दिली नाही. अंजुमनंही हट्ट धरला नाही.

तो काट्यांचे डबे खाली न्यायला गेला. भाग्यश्रीला बाईची दुपटी धुवायची होती, तेव्हा तिनं लेकीला झोळीतून उचलून अंजुमच्या हातात दिलं. "धरा जी जरा."

अंजुमनं धरलं आणि तिचे हात वर गेले. भरलेली बादली समजून उचलावी आणि ती रिकामी निघावी तसे. टॉवेलच्या आत पोरगी होती, होय, डोळे उघडे, ओठ कोरडे. पण तीन किलो? अंजुमच्या बहिणींची मिळून किती पोरं तिच्या अंगाखांद्यावर वाढली होती. ती आपल्या टेबलापाशी गेली. का, ते तिला सांगता आलं नसतं. एका हातावर बाईला घेऊन दुसऱ्या हातानं तिनं वरवंटा उचलला.

वरवंटा जड होता.

मग तिनं कुणाला काही विचारलं नाही. बाईला छातीशी धरून ती जिना उतरली, मामूंच्या दुकानात शिरली आणि खिळे तोलायच्या मोठ्या तराजूच्या पारड्यात टॉवेल अंथरून पोरीला ठेवलं.

"अगं, काय करून राह्यली? घाण लागंल तिले," मामू उठले.

"दोन किलोचं माप टाका मामू."

"अंजुम..."

"टाका म्हणते ना."

मामूंनी माप टाकलं. ते पारडं धाडकन खाली गेलं आणि बाई वर लटकली. अमर डबा हातात घेऊन दारात उभा होता. मामूंनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, दोन किलोचं माप काढलं, दीड ठेवलं, मग त्यावर दोनशेचं. काटा मधोमध उभा राहिला.

"एक सातशे," मामू हळू आवाजात म्हणाले. "टॉवेल धरून."

"तुमचा काटा खराब हाये मामू," अमर म्हणाला.

"बेटा, या काट्यावर मी तीस वर्षं लोखंड विकलं."

"वर तीन किलो भरली. आत्ताच भरली. ताईनं पाह्यली."

सगळे अंजुमकडे बघू लागले. "वरचा काटा चुकला," ती म्हणाली. "मी चुकले. सर्व्हरचीच फाईल बरोबर होती, अमर. झोळीत..." पुढचं वाक्य तिनं गिळलं. झोळीत आणखी काहीतरी आहे, हे एका बापाला कसं सांगायचं? "आत्ताच्या आत्ता दवाखान्यात ने. वाट बघू नको. भाग्यश्री, रिक्षा कर. मी पर्स घेऊन आलेच मागून."

भाग्यश्री रडत नव्हती. तिनं पोरीला पारड्यातून उचललं आणि नवऱ्याला म्हणाली, "म्या म्हटलं होतं तुमाले."

७

पर्स बाहेरच्या टेबलावर होती. ती घेऊन निघायचं एवढंच काम. पण आतल्या खोलीचं दार उघडं होतं.

मोटर बंद होती. दोरी सैल लोंबत होती. खिडकीतून चार वाजताचं ऊन सरळ झोळीवर पडलं होतं, लुगड्यावरची पिवळी फुलं एक एक दिसत होती. आणि झोळी लोंबत नव्हती, ताणलेली होती. बाळ आत असलं की कापडाचे दोन्ही काठ वर मिटून येतात, तसे मिटलेले. खाली गोल भार. हूक सावकाश कुरकुरत होता. पडद्यावर अमरची प्रत अजून चालूच होती, आणि ती रिकाम्या झोळीचं वजन एक किलो तीनशे दाखवत होती.

ओल, अंजुमनं मनाशी म्हटलं. कूलरची ओल. वाऱ्यानं गुंडाळलं असेल कापड. हुकाची स्प्रिंग अडकली असेल. तिच्याजवळ कारणं भरपूर होती, आणि ती सगळी एकदम आठवत होती. दोन पावलं टाकून काठ उघडून बघायला किती वेळ लागतो? तिनं एक पाऊल टाकलंही.

तेव्हा कापडाला आतून, एका फुलाच्या मधोमध, बारीकसा फुगवटा आला. लहानशी टाच टेकावी एवढा. थोडा सरकला, आणि गेला.

अंजुम तिथंच उभी राहिली.

खाली रस्त्यावर रिक्षा सुरू झाल्याचा आवाज आला. पहिल्यांदा फुरफुरली, मग लागली. तो आवाज येताच कुरकुर थांबली. झोळीचे काठ उलगडले, ताणलेली फुलं सैल झाली, आणि सबंध लुगडं चिंधीसारखं खाली लोंबलं. पडद्यावरचा आकडा भराभर उतरला. शून्य. सर्व्हरची प्रत तिच्या रोजच्या सवयीनं आपोआप सुरू झाली, तिनं रिकाम्या झोळीचं वजन घेतलं, शेपटात लिहिलं आणि दोन्ही फायली शेजारी ठेवल्या.

जुळलं.

हा शब्द दिसावा म्हणून तिनं इतके दिवस किती जिवाचं रान केलं होतं. आता तिनं त्याच्याकडे पाठ फिरवली. तिनं टेबलावरचा वरवंटा उचलला, कुंचीसकट, आणि जिन्यावरून जवळजवळ पडतच खाली आली.

"रिक्षा कुठी हाये मामू?"

"गेली की." मामू मापं जागेवर लावत होते, चेहरा उतरलेला. "तू त्या वरवंट्याले काऊन घेऊन आली?"

"गेली कुठी? दवाखान्यात ना?"

मामूंनी नकारार्थी मान हलवली. "मी म्हनलं होतं त्याले. पण रिक्षा सुरू झाली न ती पोरीची माय एकदम थांबा म्हनली. म्हने, हे पाहा जी, जड लागून राह्यली. खरंच लागते. मग त्यानंबी घेऊन पाह्यली. पोरगी रडत होती, ते चूप झाली होती. तो मले म्हने, मामू, सांगितलं होतं ना, तुमचाच काटा खोटा. हसत होता बिचारा." मामूंनी तराजूवरून हात फिरवला. "तीस वर्षांत कोनी असं म्हनलं नाई अंजुम."

तिनं रस्त्यावर येऊन दोन्हीकडे पाहिलं. दवाखाना उजव्या हाताला होता. डाव्या हाताला, बाबूपेठेच्या रस्त्यावर, अमरच्या घराच्या वाटेनं, रिक्षाची धूळ अजून खाली बसली नव्हती.